एका ताटात अकरा

झाविया मत दाउद ज्या प्रकाशामागे चार वर्षं लागली होती, तो तिला कधी दिसला नाही. डोळे तिचे चांगले होते. चाळिशी उलटली तरी सुईत दोरा ती चष्म्याशिवाय ओवायची. पण तो प्रकाश माणसाच्या नजरेला दिसणाऱ्यातला नव्हताच. केसाएवढ्या काचेच्या तंतूत तो गोल गोल फिरायचा, आणि तो आहे हे कळायला एक यंत्र लागायचं, ज्याच्या पडद्यावर तो उभ्या रेषा होऊन दिसायचा. गावाकडून, पूर्व किनाऱ्यावरच्या केलांतान राज्यातल्या बाचोकहून, थोरल्या बहिणीने एकदा फोनवर विचारलं होतं, "दिसत नाही, वास येत नाही, आवाज नाही. मग करतेस तरी काय गं तिथे दिवसभर?"

"वाट बघते," झाविया म्हणाली होती. खोटं नव्हतं ते.

कोटा भारूच्या पॉलिटेक्निकमध्ये ती मास्तरीण. शिक्षणासाठी रजा घेऊन इकडे राजधानीजवळच्या सर्दांगला विद्यापीठात आलेली. लग्न केलं नव्हतं. का केलं नाही असं विचारणारी माणसं आता विचारून विचारून थकली होती. स्वभावाने जरा तंद्रीतली. चालता चालता थांबायची, चहात साखर घालून ढवळायची विसरायची, आणि कुणी हाक मारली की दुरून कुठून तरी परत आल्यासारखी "हो हो" म्हणायची. प्रयोगशाळेतली वेई शान तिच्याहून पंधरा वर्षांनी लहान, इपोहची चिनी पोरगी, तोंडाने फटकळ. ती म्हणायची, "ताई, तुमच्याशी बोलायचं म्हणजे ट्रंककॉल लावायचा. आधी रिंग जाऊ द्यावी लागते."

काम काय, तर एकाच तंतूतून एकाच वेळी अकरा रंग काढायचे आणि ते स्थिर ठेवायचे. अकरा रंग म्हणजे पडद्यावर अकरा रेषा, सारख्या उंचीच्या, शेजारी शेजारी. काढणं अवघड नाही. स्थिर ठेवणं म्हणजे मात्र डोक्याला ताप. कारण तंतूतली ताकद एकच, आणि खाणारे अकरा. त्यातला एखादा जरासा जास्त खातो, जास्त खाल्लं की अंगात जोर येतो, जोर आला की आणखी खातो, आणि बघता बघता पडद्यावर तो एकटा ताडमाड उभा आणि बाकीचे दहा जमिनीला टेकलेले.

झावियाला हे पुस्तकात वाचायच्या आधीच माहीत होतं. बाचोकच्या घरी भावंडं एकाच मोठ्या ताटात जेवायची. भाताचा ढीग मध्ये, सगळे हात एकदम. भाऊ राझीच्या हाताला लगाम नव्हता. त्याच्या शेजारी आई बसायची. तिला सगळे मेक म्हणत. ती ओरडायची नाही. नुसता राझीच्या मनगटावर हात ठेवायची. तो जितक्या जोरात ओढेल तितका मेकचा हात जड होई, आणि तेवढ्यात धाकट्यांच्या पोटात चार घास जात. मग ती सगळ्यांच्या तोंडाकडे एकदा बघून विचारायची, "खाल्लं ना सगळ्यांनी?"

प्रयोगात मेकचं काम एका रिळाकडे होतं. लांबच लांब तंतूचं ते रीळ प्रकाशाच्या वाटेत जोडलं की जी रेषा जास्त जोर करील तिचंच जास्त नुकसान होतं आणि बाकीच्यांना वाटा मिळतो. फक्त त्यासाठी प्रकाशाची कूस, म्हणजे तो कुठल्या अंगाने डोलतो ते, नेमकी हवी, आणि ती नेमकी करायला तीन छोटी पानं असतात, पंख्याच्या पात्यांसारखी. ती हळूच फिरवायची. एक केस इकडे, एक केस तिकडे. जमलं की श्वास रोखून हात काढायचा. मग वाट बघायची.

तीन वर्षं जमलं नाही. चौथ्या वर्षीच्या रमझानात जमलं.

आदल्या पावसाळ्यात मेक गेली होती. घरच्यांनी तिचे कपडे रीतीप्रमाणे वाटून टाकले, पण तिचा तेलेकुंग, बायका नमाजाला डोक्यावरून घालतात तो पांढरा पायघोळ झगा, झावियाने कुणाला दिला नाही. कडेला मेकने स्वतः भरलेली फिकट निळी वेल होती. हनुवटीखालचं इलॅस्टिक तिने घट्ट शिवलेलं, कारण तिचा चेहरा लहान. आणि त्याला वास होता. केवड्याची पात आणि चाफ्याच्या पाकळ्या बारीक चिरून मेक कपड्यांत ठेवायची, तो. झावियाने तो कधी धुतला नाही, कधी घातला नाही. नमाजाला तिचा स्वतःचा होता. मेकचा ती नुसता पिशवीतून बरोबर वागवायची. कुणी विचारलं असतं तर काय सांगितलं असतं कुणास ठाऊक; पण कुणी विचारलं नाही.

रमझानात विद्यापीठाची दुपार पाण्याखाली गेल्यासारखी होते. कॅन्टीन बंद, जिन्यात पावलं नाहीत, जो तो जिथे असेल तिथे मलूल. वेई शानला उपास नव्हता, पण खायला कुठे मिळेना, म्हणून तीही उपाशी. "ताई, पुण्य तुमचं आणि कळ माझ्या पोटात, हा कुठला न्याय?" असं पुटपुटत ती बिस्किटं घेऊन जिन्याखाली जायची. झाविया प्रयोगशाळेच्या कोपऱ्यातच नमाज पढायची आणि मग टेबलाशी बसून त्यावर डोकं टेकायची. समोर रेषा. बाहेर साळुंक्यांची कलकल, तीही अर्धवट झोपेतली. उशाशी चाफ्याचा वास.

अशाच एका दुपारी तिला मेक दिसली. रिळाशेजारी स्टुलावर बसली होती, पाय वर घेऊन, घरी बसायची तशी. पडद्याकडे बघत म्हणाली, "एवढी पोरं कुणाची गं?"

"माझी," झाविया म्हणाली.

"रांगेत उभी आहेत शहाण्यासारखी. खाल्लं का त्यांनी?"

झाविया उत्तर शोधत होती तेवढ्यात जाग आली. पडद्यावर अकराच्या अकरा रेषा उभ्या होत्या. इफ्तारीची बांग झाली, ती खजूर खाऊन आली, तरी उभ्या. दुसऱ्या दिवशी उभ्या. सगळा महिना उभ्या. प्रोफेसर मुखरीझ स्वतः येऊन कमरेवर हात ठेवून बघून गेले. ते कौतुक करणाऱ्यातले नव्हते, जाताना फक्त म्हणाले, "छान. ईदनंतर मला पुन्हा दाखवा." त्यांच्या तोंडून 'छान' ऐकून वेई शानने भिंतीचा आधार घेतला.

ईदला ती गावी गेली. थोरली बहीण मेरियम केळीच्या पानात भात बांधता बांधता पिशवीकडे बघत होती. शेवटी राहवलं नाही तिला.

"अजून घेऊन फिरतेस मेकचा झगा?"

"राहू दे ना, आक्का."

"राहू दे काय? कापड आहे ते, अंगावर घालायचं. कुणी घालून नमाज पढलं तर मेकला पुण्य तरी लागेल. गाठोड्यात ठेवून काय, वास घेतेस?"

झावियाने पिशवी आपल्याकडे ओढून घेतली. मेरियमने हातातला भात खाली ठेवला, तिच्याजवळ सरकली. "मलाही येते गं आठवण," ती म्हणाली. "पण तिला असं कोंडून नको ठेवू."

हे मात्र लागलं. सर्दांगला परतल्यावर पहिल्याच सकाळी ती तळमजल्यावरच्या सुरावमध्ये, विभागाच्या नमाजाच्या खोलीत, गेली. बायकांच्या बाजूला भिंतीला खुंट्या होत्या, त्यांवर येणाऱ्या-जाणाऱ्यांसाठी कुणी कुणी दान केलेले तेलेकुंग टांगलेले असत. जिला हवा तिने घालावा, नमाज पढावा, परत टांगावा. शेवटच्या खुंटीवर तिने मेकचा टांगला, वेल बाहेर येईल असा, आणि मागे न बघता जिना चढली.

वर जाऊन यंत्र लावलं. रेषा उभ्या राहिल्या, थोड्या वेळाने चौथी डुलायला लागली, वाढली, आणि बाकीच्या बसल्या.

पुढचे दिवस कसे गेले ते सांगण्यात अर्थ नाही. ज्याचं जमलेलं काम मोडलं आहे त्यालाच ते कळतं. तिने पानं फिरवली. सांधे तोडून पुन्हा जोडले. तंतू बदलला. रेषा उभ्या राहायच्या, आणि हात काढून श्वास सोडावा तोवर एखादी उंडारायची. ताटाची गोष्ट ऐकलेल्या वेई शानने त्या चौथ्या रेषेला नाव ठेवलं: "हा तुमचा राझी पुन्हा ताटावर बसला बघा." झाविया हसायची, पण तिच्या मनात भलतंच चाललं होतं. मी मेकचा झगा दिला आणि मेक उठून गेली. शिकलेली बाई, असल्या गोष्टीवर विश्वास नव्हता तिचा. पण दुपारी टेबलावर डोकं ठेवलं की तिथे आता नुसता लाकडाचा वास यायचा, आणि स्टुलावर कुणी यायचं नाही.

प्रोफेसरांनी बोलावून घेतलं. चष्मा काढून पुसत पुसत म्हणाले, "झाविया, एकदा झालं आणि पुन्हा होत नाही, त्याला आपण निकाल म्हणत नाही. नशीब म्हणतो. नशिबावर प्रबंध देता येत नाही."

"आणखी थोडे दिवस, सर."

"तुमची रजा संपत आली. शुक्रवारी नमाजानंतर मी येतो. उभ्या राहिल्या तर ते प्रकरण प्रबंधात. नाही तर काढावं लागेल."

ते प्रकरण काढलं की प्रबंधात उरणार काय, हे दोघांनाही माहीत होतं. पदवीशिवाय परत जायचं, पुन्हा त्याच वर्गात उभं राहायचं आणि विचारणाऱ्या प्रत्येकाला "नाही झालं" म्हणून सांगायचं. ज्या मेकने गावभर सांगून ठेवलं होतं की माझी पोर डॉक्टर होणार, इंजेक्शनवाली नाही, उजेडाची, ती तरी आता विचारायला नव्हती.

शुक्रवार आला. पुरुषमंडळी मशिदीकडे गेली, इमारत शांत झाली. झाविया पानांशी झटत होती. वेई शान डब्यातला भात खात फोनमध्ये बघत होती.

"ताई, रमझानात पानं नेमकी कशी होती, ते बघायचंय का? विभागाच्या इफ्तारीच्या दिवशी आपण सगळ्यांनी फोटो काढला होता बघा, मागे टेबल आलंय."

दोघी फोनवर वाकल्या. वेई शानने बोटांनी फोटो मोठा केला. पानं होती तशीच होती, काडीचा फरक नाही.

"पण हे काय?" वेई शान म्हणाली. "तुमच्या रिळावर हे पांढरं मांजर कुणाचं बसलंय?"

झाविया बघत राहिली. मांजर नव्हतं. रिळाच्या पेटीचं झाकण कधीच तुटलेलं होतं, आणि त्या उघड्या पेटीवर, पिशवीतून काढून, घडी घालून, फिकट निळी वेल वर करून ठेवलेला तेलेकुंग होता. ठेवणार तरी कुठे? जमिनीवर ठेवायचा नाही, टेबलावर तेलाचे डाग. ती पेटी तेवढी उंच आणि स्वच्छ होती. महिनाभर रोज तिने तो तिथेच ठेवला होता आणि शेजारी डोकं टेकलं होतं.

तिने मान वर केली. पेटीच्या बरोबर वर एसीची जाळी होती. एसी सुरू व्हायचा, बंद व्हायचा, पुन्हा सुरू व्हायचा. गार वाऱ्याची झुळूक थेट उघड्या रिळावर. रीळ आखडायचं, सैल व्हायचं, आणि प्रकाशाची कूस बदलायची.

"अगं बाई," वेई शान म्हणाली. "सर्दी झाली होती याला!"

झाविया ऐकायला थांबलीच नाही. पिशवी खांद्याला, चप्पल अर्धी पायात, अर्धी बाहेर, अशी ती जिना उतरली. तिला एकच दिसत होतं: शेवटची खुंटी. तो घ्यायचा, वर न्यायचा, पेटीवर ठेवायचा. मेक परत येऊन स्टुलावर बसेल. वारा, रीळ, कूस, सगळं समजलं होतं तिला, आणि तरी मनात हेच होतं.

खुंटी रिकामी होती.

सुरावमध्ये एकच मुलगी होती, भिंतीशी कुशीवर झोपलेली. नमाज झाल्यावर तिथेच डोळा लागला असावा. परीक्षेचे दिवस होते, पुस्तक शेजारी पालथं पडलेलं. अंगात मेकचा तेलेकुंग. चेहरा तिचाही लहान होता, इलॅस्टिक नीट बसलं होतं. वेलीचं टोक मुठीत धरून नाकाशी घेतलं होतं तिने.

झाविया तिच्याजवळ बसली. उठवायचं म्हणून हात पुढे केला आणि तसाच ठेवला. वर वेळ जात होता. मशिदीतून माणसं परतायला लागली असतील. हात लावला की मुलगी उठेल, बिचारी माफी मागत काढून देईल. एवढंच तर करायचं होतं.

मुलगीच जागी झाली. दचकून उठून बसली. "ताई, तुमचा आहे का? सॉरी हं, मी खुंटीवरचा घेतला. बाकीचे खडबडीत आहेत, हा मऊ आहे. आणि याला वास आहे कसला तरी. घरचा असतो तसा."

"कुठली तू?"

"साबाहची, समुद्रापलीकडची. दोन वर्षं घरी गेले नाहीये."

झावियाने पुढे केलेला हात मागे घेतला. "नाही," ती म्हणाली, "माझा नाही. सगळ्यांचा आहे. झोप तू. खाल्लंस का?"

मुलीने नाही म्हणत मान हलवली. झावियाने पिशवीतला आपला दुपारचा, केळीच्या पानातला भात तिच्या पुस्तकावर ठेवला आणि जिना चढली, या वेळी सावकाश.

वर वेई शान दारातच उभी. "आणलात?"

"नाही. त्यात कुणी तरी झोपलंय."

"म्हणजे? ताई, प्रोफेसर खाली गाडी लावताहेत! उठवायचं ना!"

"नाही उठवलं."

वेई शानने कपाळावर हात मारला. मग कोपऱ्यातल्या खुर्चीकडे बोट दाखवलं. तिथे झावियाचा स्वतःचा तेलेकुंग होता, साधा, बाजारातला, ना वेल ना वास. "मला एक सांगा. कापडच हवंय ना? मग तो काय वाईट आहे?"

उत्तर झावियाला माहीत होतं, आणि तेच तिला नको होतं. कुठलंही कापड चालणार होतं. टॉवेल चालला असता, पडदा चालला असता. महिनाभर तिच्या रेषा एका साध्या पांघरुणाने सांभाळल्या होत्या, आणि ते पांघरूण मेकचं नसतं तरी सांभाळल्या असत्या. म्हणजे स्टुलावर कुणीच नव्हतं. हे कळायला तिला आजचाच मुहूर्त मिळावा याचा तिला राग आला, अगदी लहान पोरीसारखा राग.

तिने आपला तेलेकुंग उचलला, घडी घातली आणि रिळावर ठेवला. नीट, चारी कडा दाबून, मूल निजवावं तसा. पानं फिरवली. एक केस इकडे. हात काढला.

चौथी रेषा डुलली. जरा वाढली. थबकली. मग शहाण्यासारखी खाली आली, आणि अकरा रेषा सारख्या उंचीवर उभ्या राहिल्या.

प्रोफेसर आले, तेव्हा दोघी बायका टेबलाशी चित्रासारख्या उभ्या होत्या. त्यांनी पडद्याकडे बघितलं, मग रिळाकडे. "हे काय आहे?"

"तेलेकुंग, सर."

"ते मला दिसतंय. माझी बायको आहे घरी. इथे काय करतोय?"

झावियाने सांगितलं. जाळी, झुळूक, तुटलेलं झाकण, रमझान. काही लपवलं नाही. फक्त कुणाचा होता, ते सांगितलं नाही. प्रोफेसरांनी स्टूल ओढलं, बसले. "उचला."

उचलला. चौथी रेषा उंडारली, बाकीच्या बसल्या.

"ठेवा."

ठेवला. थोड्या वेळाने सगळ्या उठून उभ्या.

"पुन्हा." असं त्यांनी किती वेळा करायला लावलं कोण जाणे. शेवटी ते उठले. "आता याला निकाल म्हणायचं. सोमवारी थर्मोकोलची पेटी करून घ्या, आणि हे सगळं प्रबंधात लिहा. झाकण तुटलं होतं तेसुद्धा लिहा. पुढच्याची तीन वर्षं वाचतील." दाराशी थांबून म्हणाले, "तोवर तो हलवू नका. बाहेर जाईन तोवर तरी मला बघू द्या." आणि खरंच, दार लावेपर्यंत ते मागे वळून बघत होते.

वेई शानने नाचायचं ते नाचून घेतलं. झाविया स्टुलावर बसली. बाहेर साळुंक्या होत्या, एसी सुरू होत होता, बंद होत होता, रेषांना त्याची खबरही नव्हती. किती वेळ बसली, तिला कळलं नाही. मग तिसऱ्या प्रहराची बांग झाली.

नमाजाला उठली आणि लक्षात आलं, अंगावर घ्यायला काही नाही. आपला तेलेकुंग रिळावर होता आणि तो हलवायचा नव्हता.

खाली सुरावमध्ये मुलगी निघून गेली होती. मेकचा झगा खुंटीवर परत टांगलेला, घडी चुकलेली, वेल आत गेलेली. झावियाने तो काढला. आयुष्यात पहिल्यांदा घातला. चाफा त्यात आता ओळखू येईना. कुणाच्या तरी शाम्पूचा वास होता, झोपेचा होता, आणि हनुवटीशी इलॅस्टिक घट्ट, इतकं घट्ट की बोलायला तोंड उघडलं तर ओढ बसावी.

ती सगळ्यांबरोबर ओळीत उभी राहिली. वाकली. कपाळ जमिनीला टेकलं तेव्हा वरच्या मजल्यावर अकरा रेषा उभ्या होत्या, कुणी कुणाचं न ओढता. डोळ्यांतलं पाणी निळ्या वेलीत जिरत होतं.

"मेक," ती म्हणाली, ओठातल्या ओठात, "खाल्लं सगळ्यांनी."